सरांचा उपास

पत्रावळी मांडून झाल्या होत्या. भात वाढून झाला होता. नवा इंद्रायणी, म्हणून जरा चिकट झालेला, पण वास असा सुटला होता की समाजमंदिराच्या पायरीवरची कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. सरकारी निधीवर चाललेल्या आमच्या संशोधन प्रकल्पाची आढावा समिती वस्तीत आली होती. दोन साहेब आणि एक मॅडम. त्यांना घेऊन आलेले आमचे सर. मी काळ्या वाटाण्याच्या कालवणाचं भांडं घेऊन त्यांच्या मागे उभी.

मोठ्या साहेबांनी पत्रावळीकडे पाहिलं. मग सरांकडे. आवाज खाली आणून विचारलं, "हा राइस त्याच खतावरचा का?"

सर हसले. माझ्यापासून हातभर अंतरावर होते. म्हणाले, "डोन्ट वरी, साहेब. मी इथे यायचं म्हटलं की त्या दिवशी माझा उपास असतो. जेवण पुढे रिसॉर्टला सांगून ठेवलंय. मटण आहे."

मोठे साहेब हसले. दुसरे साहेब हसले. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनीही पर्स उचलली.

तेवढ्यात आई आतून आली. तिच्या हातात ताट होतं. ताटात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. गुरुवार होता ना. सरांचा गुरुवार आई कधी विसरत नसे. ती म्हणाली, "सर, तुमचं येगळं केलंया. सैंधव टाकलंया, आपलं मीठ न्हाई. दोन घास खावा."

सरांनी छातीवर हात ठेवला. डोळे मिटल्यासारखे केले. "मावशी, आज निर्जळी आहे हो. पोटभर जेवलो असंच समजा."

आत्ता, माझ्यादेखत, मटणाचं बोललेला माणूस. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही त्याच्या. आईनं ताट मागे घेतलं आणि भक्तिभावानं मान हलवली. एवढ्या उन्हाचं पाणीसुद्धा न पिणारा माणूस, असं तिच्या डोळ्यांत होतं. मला वाटलं, हातातलं कालवण इथंच फरशीवर ओतावं. ओतलं नाही. मी भांड्याची कड घट्ट धरून ठेवली.

गाड्या निघून गेल्या. पत्रावळींवरचा भात तसाच.

आता मागचं सांगते.

आमची वस्ती मुळशी तालुक्यात, धरणाच्या पाण्यापासून वर, डोंगराच्या अंगाला. गावापासून वेगळी. मधे ओढा. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा, त्यामागे समाजमंदिर, त्यामागे आमची घरं. गावाचं आणि आमचं पाणी एकाच डोंगरातून येतं, पण आमच्याकडे ते शेवटी येतं. खाली रस्त्याला लागलं की लवासाकडे जाणाऱ्या गाड्या दिसतात. सुट्टीच्या दिवशी तर रांगच. त्या गाड्यांतल्या लोकांनी आमच्या आजूबाजूच्या जमिनी घेतल्या. फार्महाऊसं बांधली. तारेची कुंपणं घातली.

त्या कुंपणांनी सगळ्यात आधी आमच्या बायकांचा संडास खाल्ला. ओढ्याच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या होत्या, तिथं बायका जात. एका फार्महाऊसनं जाळ्या तोडल्या, तार ओढली आणि तारेवर कॅमेरा लावला. कॅमेऱ्याचं तोंड ओढ्याकडे. चोर येतात म्हणून, असं रखवालदार म्हणाला. आमची शेवंताकाकू, आईची शेजारीण, जिभेला हाड नसलेली बाई, तिनं त्याला विचारलं, "चोर काय बसून चोरी करत्यात व्हय रं?" तो ओशाळला. कॅमेरा राहिला. मग बायका उजेडाच्या आधी जाऊ लागल्या आणि दिवसभर पाणी कमी पिऊ लागल्या. माझी आई लघवीला जळजळ होते म्हणून कण्हायची आणि तरी तांब्या तोंडाला लावायची नाही.

बाप हिंजवडीजवळ जांब्याला मैल्याच्या टँकरवर होता. आयटीवाल्यांना भाड्यानं खोल्या देणाऱ्या बिल्डिंगी, त्यांच्या टाक्या उपसायच्या. घरी आला की बाहेरच अंघोळ करायचा, तरी वास राहायचाच. शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. एक बाई मला खिडकीजवळ बसवायच्या. म्हणायच्या, "हवा खेळती राहील." मी त्या वासावरच शिकायचं ठरवलं. पर्यावरण अभियांत्रिकी. सांडपाणी. नाक मुरडायचं ना तुम्हाला, मुरडा. मी त्यातच इंजिनिअर होईन.

झाले. पदव्युत्तरसुद्धा झाले. तिथं सर भेटले.

सर मोठे. बोलणं मऊ. वर्गात म्हणायचे, "जगात कचरा नावाची गोष्टच नाही. चुकीच्या जागी पडलेली संपत्ती आहे ती." मी हे वाक्य आईला फोनवर सांगितलं होतं. आपल्या बापाच्या टँकरात संपत्ती असते असं म्हणणारा एक माणूस निघाला होता. मला रडू आलं होतं तेव्हा. आज लाज वाटत नाही त्या रडण्याची, राग येतो.

सरांनीच सांगितलं की सरकार अशा संशोधनाला पैसा देतंय. मैला, मूत, सांडपाणी, यातून खत काढायचं, पाणी परत वापरायचं. पण निधी मिळवायचा तर ग्रामीण वस्ती पाहिजे, वंचित पाहिजे. ते म्हणाले, "तुझ्या वस्तीत करू या. तू माझ्या मुलीसारखी आहेस. तुझ्या बायकांना संडास मिळतील, मला निष्कर्ष मिळतील." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सौदा चोख होता. मी त्यांच्या संस्थेत प्रकल्पाची संशोधन सहायक म्हणून लागले.

वस्तीला समजवायचं काम माझं. समाजमंदिरात बायकांना बसवलं. सांगितलं की संडासाचं भांडं वेगळं असणार, मूत एका नळीनं टाकीत जाईल, दुसरं दुसरीकडे. मुतात जी खताची ताकद असते ती मिठागरावरचं उरलेलं कडू पाणी घालून खाली बसवायची. पांढरी रेती जमते. ती भाताला घालायची. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. शेवंताकाकू म्हणाली, "म्हंजी आमी मुतायचं आन् सरकारनं पगार द्यायचा! बरं दिस आलं गं बायांनो."

"पर ह्ये ऱ्हाईल का?" आईनं विचारलं. "का परीक्षा झाली की उचलून नेत्याल?"

सर समोरच बसले होते. ते म्हणाले, "मावशी, हे तुमचं आहे. प्रकल्प संपला तरी संडास, टाकी, सगळं वस्तीचं. माझा शब्द."

शब्दावर बायकांनी होकार दिला. आमच्याकडे शब्दावरच चालतं.

त्या पहिल्या दिवशी चहा झाला तेव्हा सर म्हणाले, आज गुरुवार, माझा उपास. चहा पण नाही. दुसऱ्या खेपेला संकष्टी निघाली. तिसऱ्या खेपेला शनिवार. मग प्रदोष. मग कुठलं तरी व्रत. पाणी त्यांच्या बाटलीतलं. आमच्या घरात उपास सोडून एक पिढी झाली. आजोबांनी देव ओढ्यात सोडले तेव्हाच उपासही सोडले. त्यामुळे आईला भगर कशी करतात तेच ठाऊक नव्हतं. ती गावात किराणावाल्याच्या बायकोला विचारून आली. बाहेर उभं राहून विचारलं आणि शिकून आली. सरांसाठी नवं पातेलं घेतलं. त्यात दुसरं काही शिजवायचं नाही. आमच्या जुन्या भांड्यात मासळी शिजलेली, ती सरांच्या उपासाला चालायची नाही, हा तिचा हिशेब. ते पातेलं वरच्या फळीवर पालथं असायचं आणि त्याचं नावच पडलं होतं, सरांचं पातेलं.

सरांनी त्यातलं कधी काही खाल्लं नाही. भगर केली की निर्जळी निघायची. मग आईनं केळी आणायला सुरुवात केली. केळी ते घेत. साल असलेली, न सोललेली. गाडीत ठेवत. "घरी जाऊन देवापुढे ठेवून खातो." आई सुखावायची.

शेवंताकाकू एकदा माझ्याजवळ म्हणालीच, "रोज रोज कसला गं उपास? मानूस हाय का सादू?"

मी तिच्यावर खेकसले. "काकू, शिकल्यासवरल्या मानसावर तरी इस्वास ठेव."

संस्थेत सर त्यांच्या केबिनमध्ये दार लावून जेवायचे. ते कधी काय खातात हे बघायची वेळ माझ्यावर आली नव्हती. मी तर त्यांचे उपास पाठ केले होते. भेटीचा दिवस ठरला की आईला आधी सांगायचे, म्हणजे ती शेंगदाणे भाजून ठेवील. माझ्या बापाच्या टँकरात संपत्ती आहे म्हणणारा माणूस माझ्या आईच्या ताटाला हात लावत नाही, हे दोन मी एकत्र धरून बघितलंच नव्हतं. विश्वास टाकला की माणूस असा आंधळा होतो.

काम मात्र चांगलं झालं. ते मी छाती ठोकून सांगते. बायकांनी संडासात फिनेल टाकायचं नाही हे पाळलं, कारण फिनेलनं टाकीतलं गणित बिघडतं. पाहुणा आला तरी त्याला दारात उभं करून समजवायच्या, असं बस, तसं नको. कडू पाणी किती घालायचं, किती ढवळायचं, हे बसवायला मला कितीतरी महिने लागले. पहिल्यांदा पांढरी रेती फडक्यावर उतरली तेव्हा मी ती आईच्या तळहातावर ठेवली. तिनं वास घेतला. म्हणाली, "वासच न्हाई गं." आणि आम्ही दोघी उगाच हसत सुटलो. लावणीला ती रेती आमच्या खाचरांत गेली. भात बरा आला. आई दिवसभर पाणी पिऊ लागली. प्रकल्पाचा निष्कर्ष मला विचाराल तर तेवढाच.

म्हणून बायकांनी ठरवलं की समिती येईल तेव्हा ह्याच भाताचं जेवण घालायचं. नवं धान्य निघालं की आधी आल्यागेल्याच्या पानात वाढायचं, मग घरच्यांनी खायचं, ही आमच्या वस्तीची रीत. तोवर कुणी नव्या तांदळाचं शीत तोंडात टाकलं नव्हतं. समितीसाठी थांबले होते सगळे.

त्या दिवसाच्या आदल्या दिवशी सरांचा मला फोन आला होता. "उद्या आयकार्ड घालू नकोस. घरच्यासारखी ये. साधी." मला वाटलं, किती आपुलकीनं बोलतात. मी साधा पंजाबी ड्रेस घालून गेले.

जेवणाच्या आधी समितीला टाकी दाखवली. मोठ्या साहेबांनी विचारलं, हे सगळं इथे सांभाळतं कोण? सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही. इथलीच मुलगी. वडील मैल्याच्या टँकरवर. आमची लाभार्थी. आम्ही हिला ट्रेन केलं, आता झडप वगैरे स्वतः चालवते."

मॅडमनी कौतुकानं विचारलं, "कितवी शिकलीस गं?"

मी तोंड उघडलं. सरांनी खांदा दाबला. "शिकली आहे थोडीफार. चला, खाचरं बघू." आणि सगळे चालू लागले. मी तिथंच. थोडीफार! ज्यानं माझ्या प्रबंधावर सही केली तो माणूस म्हणाला थोडीफार. आणि मग पुढं ते जेवणाचं झालं.

गाड्या गेल्यावर बायका पत्रावळींभोवती उभ्या. आई म्हणाली, "घाई आसंल त्यान्ला. सरांनी तर पानी बी न्हाई घेतलं. लई कडक करत्यात."

मला गप्प राहता आलं असतं. आईला सुखात ठेवता आलं असतं. पण त्या क्षणी मला तिच्या डोळ्यांतली ती भक्ती बघवेना. मी सांगितलं. "आई, त्यांचा उपास नव्हता. कधीच नव्हता. आपल्याकडचं खायला लागू नये म्हणून उपास. आत्ता मटण खायला गेलेत."

आई हातातल्या ताटाकडे बघत राहिली. मग खाली बसली आणि ती भगर स्वतः खायला लागली. एकेक घास. सगळी संपवली. शेवंताकाकूही मला "मी म्हनलं नव्हतं" असं म्हणाली नाही. तिनं फक्त भात टोपल्यात गोळा केला आणि घराघरात वाटला. "नवं खावा गं," म्हणाली, "पाव्हनं जेवलं आसं धरा."

मी सरांना विचारलं. संस्थेत, केबिनमध्ये, दार लावून. लाभार्थी का म्हणालात?

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. समजावणीच्या सुरात म्हणाले, "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. निधी असाच मिळतो. समितीला चेहरा लागतो. इंजिनिअर त्यांना ढिगानं भेटतात, तुझ्यासारखा चेहरा नाही भेटत. दुसरा टप्पा मंजूर होऊ दे, त्यात तुझी पीएचडी बसवतो."

"आणि जेवणाचं, सर?"

"प्रत्येकाची पोटाची सवय असते. तू सायंटिफिक विचार कर."

मग म्हणाले, दुसऱ्या टप्प्याच्या मंजुरीसाठी संस्थेत सादरीकरण आहे. त्यात तू दोन मिनिटं बोल. तुमच्या गावच्या भाषेत. आईची साडी नेसून ये. आणि जाता जाता, जसं काही फार नाही, असं म्हणाले की दुसऱ्या टप्प्यात टाकी हिंजवडीकडच्या चांदे गावातल्या मोठ्या सोसायटीत हलवायची आहे. तिथं लोक जास्त, मूत जास्त, आकडे चांगले येतील. कागदावर वस्तीचंच नाव राहील. संडासाची भांडी पण न्यावी लागतील, ती प्रकल्पाची मालमत्ता.

"सर, तुम्ही शब्द दिला होता. आईला."

"शब्द कसला? अगं, ते तेव्हा लोकांना तयार करायला बोलावं लागतं." ते हसले. तेच हसू. रिसॉर्टला जेवण सांगितलंय, तेच.

घरी जाऊन मी आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या. बोलले तर पीएचडी. न बोलले तर काहीच नाही, नोकरीपण जाईल. संडास तर दोन्हीकडून जाणार. आई विळीवर मेथी चिरत होती. मग म्हणाली, "साडी माजी हाय. म्या न्हाई देनार."

एवढंच.

सादरीकरणाच्या दिवशी मी माझे कपडे घातले आणि गळ्यात आयकार्ड. सभागृह गार. समोर तीच समिती आणि आणखी मोठे अधिकारी. पडद्यावर माझ्या आईचा फोटो. संडासाच्या दारात वाकलेली, हातात बादली. खाली लिहिलेलं, लाभार्थी. तिला विचारलं नव्हतं कुणी. सरांनी माझं आयकार्ड पाहिलं आणि डोळ्यांनी खूण केली, काढ. मी काढलं नाही. माइक घेतला.

काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"मी लाभार्थी नाही. या प्रकल्पाची संशोधन सहायक आहे. सरांनीच मला पदव्युत्तरला शिकवलंय, त्यांना विचारा. टाकीतलं प्रमाण मी बसवलं. फोटोतली बाई माझी आई. तिनं आणि वस्तीतल्या बायकांनी या संशोधनाला मूत दिलं, म्हणून हे संशोधन आहे. आता ही टाकी आणि संडासाची भांडी चांद्याच्या सोसायटीत चालली आहेत आणि माझी आई परत ओढ्याला, कॅमेऱ्यापुढे बसायला. दुसऱ्या टप्प्याचा निधी आमच्या वस्तीच्या नावानं मागताय. आमचं नाव काढा. आणि एक. आमचे सर आमच्याकडे येतात त्या दिवशी त्यांचा उपास असतो. त्या दिवशी समितीचाही होता."

कुणी टाळी वाजवली नाही. मोठे साहेब समोरच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसले. मॅडमनी सरांना विचारलं, "संडासांचं खरं आहे का हे?" सर म्हणाले, "ते टेम्पररी स्ट्रक्चर होतं, मॅडम." मी माइक ठेवला आणि चालत बाहेर आले. शूर वगैरे काही वाटत नव्हतं. पीएचडी गेली, एवढंच डोक्यात घुमत होतं.

नोकरीही गेली. मला कुणी पत्र दिलं नाही. फाटकावर रखवालदारानं आयकार्ड मागितलं आणि परत दिलं नाही.

टाकी न्यायला ट्रक आला. हमालांनी संडासाची भांडी उचकटली. बायका ओळीनं उभ्या राहून बघत होत्या. कुणी आडवं गेलं नाही. टाकी निम्मी भरलेली होती. हमाल ती तशीच चढवायला लागले तेव्हा शेवंताकाकू पुढे झाली. "थांबा. टाकी तुमची. आतलं आमचं हाय." तिनं पाण्याची नळी जोडली, झडप उघडली, आणि सगळं पाणी मिसळून खाचराच्या बांधावरून सोडलं. वास असा सुटला की फार्महाऊसच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. हमाल नाक धरून उभे. बायका नाक न धरता उभ्या. रिकामी टाकी गेली.

दुसरा टप्पा अडकला. मॅडमनी अडवला असं कानावर आलं. वस्तीच्या नावाचा निधी वस्तीतच खर्च होतोय हे दाखवा, मग बघू. आणि सरांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखा मऊ. झालं गेलं विसर. टाकी परत आणू. संडास पक्के बांधून देऊ. तुझं पण बघू. फक्त समिती पुन्हा येईल तेव्हा बायकांनी सहकार्य करावं. ते स्वतः आधी येऊन बायकांशी बोलतील.

मी म्हटलं, बायकांना विचारते.

समाजमंदिरात बसलो. मला खरंच कळत नव्हतं काय बोलावं. समोर बसलेल्या बायका पुन्हा अंधारात उठत होत्या. आईची जळजळ पुन्हा सुरू झाली होती. पक्के संडास मिळत होते. आईच बोलली. "येऊ दे त्यान्ला. पर आदी जेवायचं. आपल्या पंगतीला, आपल्या भांड्यातलं. मग टाकीचं बोलायचं. जेवल्याबिगर कामाचं बोलनं न्हाई." एकीनंही मान हलवून नाही म्हटलं नाही.

मी सरांना तसं सांगितलं. मग ते म्हणाले, "माझ्या असिस्टंटला पाठवतो. तो जेवेल."

"नाही, सर. तुम्ही."

"कुठला दिवस?"

"कुठलाही. तुमचा उपास नसेल तो."

"अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी तू वस्तीचे संडास अडवतेस?"

"मी नाही अडवत, सर. एक घास आहे. भाताचा. तुमच्याच प्रकल्पाचा तांदूळ."

"बघतो," म्हणाले, आणि फोन ठेवला.

ते आले नाहीत. आजपर्यंत नाहीत. सरकारचा एवढा निधी सोडला, दुसरा टप्पा सोडला, होणारं नावही सोडलं, पण एक घास गिळता आला नाही त्यांना. माझ्या आईच्या हातचा. कचरा नावाची गोष्टच नाही म्हणणारा माणूस. मला वाटायचं, त्यांना आमच्या मुताची किळस नाही म्हणजे आमचीही नसणार. मुताची खरंच नव्हती त्यांना. त्याच्यावर त्यांचं नाव छापून येत होतं.

आई ओढ्याला जाते. हे मी लपवत नाही. कॅमेरा अजून आहे. मी हिंजवडीकडच्या सोसायट्यांच्या सांडपाण्याच्या टाक्या तपासायचं काम करते, रोज येऊन जाऊन, आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीत खड्डे खणतो आम्ही. खाली कातळ लागतो. एक खड्डा झालाय, दुसरा अर्धा. वेगळ्या नळीचं भांडं मी स्वतः ओतवून घेणार आहे. निधी मागणारच आहे. सरकारचा पैसा माझ्या बापाच्या घामाचाही आहे, तो मी सोडणार नाही. पण अर्जावर माझं नाव असेल, माझी पदवी असेल, आणि आईचा फोटो नसेल. नाकारला तर पुन्हा करीन. परत नाकारला तर परत.

सरांच्या पातेल्यात आता आई सुकट शिजवते. पहिल्यांदा केली तेव्हा तिनं पातेलं घासलंसुद्धा नाही आधी. फळीवरून काढलं, फुंकर मारली, आणि चुलीवर ठेवलं.

उद्या कुणी येईल. दुसरे सर, दुसरी संस्था, दुसरा निधी. येऊ दे. वस्तीच्या तोंडाशी आम्ही त्यांना एवढंच सांगणार आहोत. आधी आमच्या पंगतीला बसा. आमच्या भांड्यातलं पाणी प्या. भात खाऊन हात धुवा. मग विचारा काय विचारायचं ते. तोवर आमच्या मुताचा एक थेंबही तुम्हाला मिळणार नाही.